फूट वजा

काशीमीऱ्याला हायवे सोडून आत वळलं की टायरवाल्यांची रांग लागते. तिच्या पाठीमागच्या गल्लीत सुलूचा गाळा होता. रुंदीला दहा-बारा फूट आणि लांबीला चाळीस. बांधणाऱ्यानं बहुधा दोन इमारतींच्या मधे उरलेल्या जागेत कसाबसा बसवला असावा. पण सुलूच्या धंद्याला तो अगदी मापाचा होता. तिथं स्लिंगा बनायच्या. स्लिंग म्हणजे लोखंडी तारांचा पिळलेला दोर, दोन्ही टोकांना फासे. एक फासा क्रेनच्या हुकात, दुसरा मालाच्या कडीत. ट्रकमधून मशीन उतरवायचं असो की टॉवरच्या गच्चीवर टाकी चढवायची असो, मधे स्लिंग लागतेच, आणि तिचं माप चुकलं तर खाली उभ्या असलेल्या माणसाचं काही खरं नाही.

या धंद्यात जो तो आपापल्या भाषेत माप सांगतो. गोदीत केस पिकलेला खलाशी म्हणणार, "चार सुताची, वीस फुटी दे." क्रेनवाला टनात बोलणार, आणि त्याचा टन विलायती की आपला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसणार. तपासणीच्या दाखल्यावर मात्र सगळं मिलिमीटर आणि किलोतच लागतं. या सगळ्यांच्या मधली दुभाषी सुलू. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे तेराची वायर. वीस फूट म्हणजे सहा हजार शहाण्णव. विलायती टन म्हणजे हजार सोळा किलो. गाळ्यात कॅल्क्युलेटर होता, पण तो बिचारा धूळ खात पडलेला. सुलूला विचारलं की उत्तर तयार असायचं, आणि समोरच्यानं तरीही मोबाइल काढून हिशेब पडताळला की ती नाक मुरडायची.

हे सगळं ती शिकली महिपतकडून. महिपत तिचा नवरा, भाईंदरच्या खाडीकाठचा कोळी. बापाच्या बोटीवर दोर सांधायला शिकला, पुढं गोदीत खलाशी झाला आणि मग स्वतःचा गाळा टाकला. उंच, हाडापेरानं मोठा आणि बोलायला अतिशय कंजूष. त्याची मोजायची एक रीत होती. टेपच्या टोकाला जो अडकवायचा आकडा असतो तो आपटून-आपटून वाकतो, सैल होतो, म्हणून महिपतचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो गाळ्याच्या मागच्या भिंतीशी, मोरीजवळ, उभा राहायचा आणि टेप शून्यावर न धरता एका फुटाच्या लाल खुणेवर अंगठा दाबून धरायचा. सुलू शटरच्या बाजूला. धरलं की तो टेपला दोन बारीक हिसके द्यायचा. तोंड उघडायचं काम नाही. सुलू ओरडायची, "फूट वजा!" आणि आलेल्या आकड्यातून तीनशे पाच कमी करायची, कारण त्यानं फुटात धरलेलं असायचं आणि ती मिलिमीटरमध्ये वाचायची. एका टेपच्या दोन कडा, वर इंच आणि खाली सेंटिमीटर. नवरा वरच्या कडेचा आणि बायको खालच्या.

माप झालं की वायर कुठं तोडायची ते बघायला महिपत टेपचं टोक हातात घेऊन तिच्याकडे चालत यायचा. सुलू खाली मान घालून खडूनं खूण करत असायची. हातातली टेप सैल पडत गेली की तो येतोय हे तिला मान वर न करता कळायचं. तेवीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी लाडानं हाक मारली असेल-नसेल, पण ती सैल पडत जाणारी टेप तिला पुरायची.

गेल्या वर्षी खाडीच्या जेट्टीवर एका जुन्या बार्जचं डेरिक, म्हणजे माल उचलायचा दांडा, उतरवताना त्याचा पाय सटकला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिवरांच्या चिखलात सापडला. थोरल्या दिरानं, बाळारामनं, सगळं केलं, आणि तेरावं झाल्यावर सुलूला समोर बसवून सांगितलं, "गाळा बंद कर. नवघरला आमच्या घरा ये. मागली खोली रिकामीच हाय. एकली काय करशील तिथं?"

बोलण्यात माया होती, नाही असं नाही. पण मागच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या घरची भाजी निवडत उरलेलं आयुष्य काढायचं, हा विचारच सुलूला नकोसा व्हायचा. ती म्हणाली, "बघते भावजी," आणि चौदाव्या दिवशी जाऊन शटर उघडलं.

तिला सगळं येत होतं. वायर तोडणं, फासा वळवणं, फाशाच्या गळ्याशी धातूची बांगडी चढवून ती मशीनवर दाबणं. फक्त टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. एकट्या माणसाला मोजता येतं ते हातभरच. त्यापुढं दुसरा लागतो. तिनं मोरीजवळच्या भिंतीत एक खिळा ठोकला, त्यात टेपचा आकडा अडकवला आणि शून्यापासून मोजायला लागली. वजाबाकी संपली. पहिल्या दिवशी सवयीनं "फूट वजा" तोंडून निघून गेलं आणि रिकाम्या गाळ्यात ते इतकं मोठ्यानं ऐकू आलं की तिनं जाऊन पंखा सुरू केला. हवेसाठी नव्हे, आवाजासाठी.

पावसाळा सरताना जयकुमारचा फोन आला. जयकुमार हा क्रेनचा ठेकेदार, महिपतचा जुना दोस्त आणि सुलूचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. खरं तर गाळा चालत होता तो त्याच्याच जिवावर.

"भाभी, चारों के चारों स्लिंगा शॉर्ट आहेत," तो म्हणाला. "ऐसा कैसा चलेगा? माझी पोरं खाली उभी असतात."

सुलूनं स्लिंगा परत मागवल्या, गाळ्यात जमिनीवर सरळ टाकल्या, टेप खिळ्याला अडकवली आणि मोजल्या. चारही बरोबर, एका मिलिमीटरचाही फरक नाही. तिनं जयकुमारला चार शब्द सुनावले आणि स्लिंगा परत पाठवल्या. तासाभरात पुन्हा फोन: "शॉर्टच आहेत."

तिनं नवी कोरी टेप आणली, तीस मीटरची, रिळाची, हँडल फिरवून गुंडाळायची. गाळ्यात बरोबर. मग ती टेप बरोबर घेऊन रिक्षानं जयकुमारच्या यार्डात गेली. तिथं निकेत होता, तपासणी करणारा इंजिनियर, चष्म्याच्या वरून बघणारा, शांत मुलगा. त्यानं आपली टेप आणि तिची टेप शेजारी-शेजारी पसरून पाहिली. दोन्ही सारख्या. मग तिच्याच टेपनं तिचीच स्लिंग मोजली.

"तीनशे पाच कमी," तो म्हणाला. "चारही. एकसारख्या."

मिलिमीटरमध्ये तो आकडा कुणाच्याच कामाचा नव्हता. मिलिमीटरमध्ये चूक करणारा माणूस तीनशेची करतो, शंभराची करतो. फुटात मात्र तो अख्खा एक होता.

निकेतच्याही ते लक्षात आलं होतं. "वहिनी, काही विशेष नाही यात," तो समजुतीनं म्हणाला. "मोजताना तुमचा दुसरा माणूस टेप झिरोवर धरत नाहीये. तो फुटावर धरतोय, आणि तुम्ही वजा करायला विसरताय. त्याला सांगा."

"माझ्याकडे दुसरा माणूस नाहीये," सुलू म्हणाली.

निकेतनं चष्मा पुसला. जयकुमारनं उगाच कुणाला तरी चहा आणायला पाठवलं.

त्याच दुपारी ती गाळ्यात परतली. गल्लीत जेवणाची वेळ होती, कटर-ग्राइंडर सगळे बंद. शटर अर्धं ओढून तिनं टेप खिळ्याला अडकवली आणि रीळ सोडत शटरपर्यंत आली. ऊन जमिनीवर हातभर आत आलं होतं. टेप ताणून ती उभी राहिली. काय करतोय आपण, असं तिला वाटलंही. मग हळूच म्हणाली, "धरलंस?"

दोन हिसके आले. बारीक, ओळखीचे.

तिला भीती वाटली नाही. आधी रडू आलं आणि मग, देवाशपथ, हसू आलं. एवढं मरूनबिरून गेला तरी बाबाजीचा टेपच्या टोकावर विश्वास बसलेला नाही. खिळ्याला टेप अडकवलेली त्याला कशी खपेल? तिनं डोळे पुसले आणि गाळाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फूट वजा!"

त्या दिवसापासून ती प्रत्येक मापातून तीनशे पाच वजा करू लागली, आणि यार्डात स्लिंगा बरोबर भरू लागल्या. निकेत खूश, जयकुमार खूश. "मिळाला वाटतं माणूस," जयकुमार म्हणाला. सुलू म्हणाली, "मिळाला."

कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती आणि तिला सांगायचीही नव्हती. दिवाळीच्या आसपास तर ती अगदी टवटवीत दिसायला लागली. मोरीजवळ स्टूल ठेवून तिथंच डबा खायची. दिवसभरात काय झालं ते मोठ्यानं बोलायची. तो जिवंत असताना काही बोलायचा नाही, आताही बोलत नव्हता, तेव्हा फरक फारसा पडला नाही. नवघरहून रविवारच्या जेवणाचं बोलावणं आलं की काम आहे म्हणून टाळायची. बाळारामची पोरगी नेत्रा एकदा मुद्दाम बघायला आली, तर हिनं तिला शटरमधूनच बोळवलं. संध्याकाळी टेप पुसायला घेतली की एका फुटाच्या लाल खुणेवर राखाडी, ओलसर डाग लागलेला असायचा. तिवरांतला चिखल. खाडी तिथून कितीतरी लांब. नव्या टेपवरची ती लाल खूण अंगठ्याखाली घासून-घासून दोन महिन्यांत पुसट झाली. सुलू फडक्यानं ती जागा फार हलक्या हातानं पुसायची.

संक्रांत झाल्यावर जयकुमारचा पुन्हा फोन आला. पुन्हा शॉर्ट.

"कितीनं?" सुलूनं विचारलं.

"वही, तीनशे पाच. भाभी, मला टेन्शन देऊ नका."

तिनं फूट वजा केला होता, तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे एकूण सहाशे दहा. दोन फूट. तिनं टेप उलगडून पाहिली. दोन फुटांच्या खुणेवर ओला डाग होता.

कंटाळला असेल एका जागी उभा राहून, असं तिनं मनाशी म्हटलं. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार लांब जावं लागत नाही. पण तेव्हापासून ती मोजताना टेपकडे नीट बघायला लागली. लांब टेप कितीही ताणली तरी मधे झोळ पडतो; हिची टेप खिळ्यापासून दोन फुटांवर किंचित वर उचललेली असायची, खालून कुणी बोट लावावं तशी. आठवड्याभरानं ती जागा तिसऱ्या फुटावर होती. नऊशे चौदा. मग चौथ्या. बाराशे एकोणीस. सुलू उचललेल्या जागेवरचा आकडा वाचायची आणि तेवढा वजा करायची. चूक होत नव्हती. तिचं पाठांतर कधी नव्हे इतकं उपयोगी पडत होतं.

आणि तिला आनंद होत होता, हेही सांगायला हवं. एवढी वर्षं माप झालं की महिपत तिच्याकडे चालत यायचाच. आता तो जरा सावकाश येतोय, एवढंच. ती सकाळी शटर उघडायची ती आज तो कुठवर आलाय हे बघायलाच. पाच. सात. होळीला नऊ. तिनं जेवणाचं स्टूल मोरीजवळून उचलून गाळ्याच्या मधे आणून ठेवलं.

मग चेणे गावचं काम आलं. चेण्याला नव्या टॉवरांसाठी एक अवजड ट्रान्सफॉर्मर उतरवायचा होता. चार स्लिंगा, सहा सुती, वीस फुटी, चारही तंतोतंत सारख्या. एक जरी आखूड पडली तर सगळा भार तिच्यावर, आणि ती तुटली की ट्रान्सफॉर्मर माणसांच्या डोक्यावर. जयकुमार स्वतः गाळ्यावर आला. बसला नाही.

"भाभी, दो बार हो गया," तो म्हणाला. "महिपत माझा भाऊ होता, म्हणून आलो. हा लास्ट चान्स समजा. एकटीनं मोजलेलं मला चालणार नाय. दोन माणसं पाहिजेत, माझ्या डोळ्यासमोरची, खरी. ये सेट बिघडला तर मी दुसरीकडे जाणार, आणि तुम्ही शटर पाडा. मला पण वाईट वाटेल."

त्याच रात्री बाळारामचाही निरोप आला. जयकुमारनं त्याला फोन केला असणार. नेत्राला उद्या पाठवतो, हा सेट बिघडला तर सामान आणायला टेम्पोही मीच पाठवतो. सुलूनं मागच्या खोलीतला तो भाजी निवडायचा कोपरा डोळ्यांसमोर आणला आणि हो म्हणाली.

नेत्रा सकाळी आली. आयटीआय झालेली, पंचविशीतली, कामाला वाघीण. तिनं ओढणी कमरेला खोचली, खिळ्यातून आकडा काढून आपल्या हातात घेतला आणि मोरीजवळ उभी राहिली. सुलूला तिला तिथं उभी बघवेना. पण गत्यंतर नव्हतं. रीळ सोडत ती शटरच्या बाजूला आली.

"धरलंय काकी, झिरोवर!" नेत्रा ओरडली.

त्यानंतर दोन हिसके आले. नेत्राचे हात स्थिर होते.

सुलूनं टेपवरून नजर फिरवली. बाराव्या फुटावर टेप वर उचललेली होती. नेत्रा आणि ती, दोघींच्या मधे.

"काकी, ही मधेच अशी वर का झालीय?"

"वाकलीय ती. जुनी झाली," सुलू म्हणाली आणि बत्तिसाव्या फुटावर खडूची खूण केली. बत्तिसातून बारा गेले वीस. सहा हजार शहाण्णव.

दिवसभर दोघींनी मान मोडून काम केलं. दुपार उतरताना जयकुमार आणि निकेत आले. निकेतनं स्वतःच्या टेपनं, गल्लीत उघड्यावर, चारही स्लिंगा मोजल्या. मग चष्म्यावरून सुलूकडे बघून पहिल्यांदाच मोकळं हसला.

"चारही सहा हजार शहाण्णव. मला इतक्या सारख्या चार अजून कुणी दिलेल्या नाहीत."

जयकुमारनं दोन्ही हात जोडले. "बस, भाभी. अब साल भर तुमच्याकडेच. पण ही पोरगी सोडू नका."

टेम्पो स्लिंगा घेऊन चेण्याकडे गेला. गाळा वाचला होता. सुलू पायरीवर टेकली. तिला एकदम कडकडून भूक लागली. नेत्रानं बॅगेतून चिवडा काढला. दोघींनी एकाच पिशवीत हात घालून खाल्ला. उद्यापासून मी रोज येते, नेत्रा म्हणाली, घरी बसून तरी काय करतेय. आणि सुलूला वाटलं, यावं हिनं. इतके महिने कुणी यावं असं तिला वाटलं नव्हतं, ते आत्ता लख्ख कळलं. कुणीतरी समोर बसून कुरकुर आवाज करत चिवडा खातंय, यात केवढं सुख असतं.

"काकी, एक विचारू?" नेत्रा म्हणाली. "मी झिरोवर धरलेलं, तरी तुम्ही बारा वजा केले. आणि बरोबर पण आलं. ते कसं काय?"

"तुझ्या काकाची रीत हाय ती. टोकाला धरायचं न्हाय."

"काका बारा फुटावर धरायचे?"

"न्हाय गं. एका फुटावर. कायम एकाच फुटावर. तेवीस वर्षांत कधी..."



"कधी काय?"

"कधी दुसरीकडे धरलं न्हाय," सुलू म्हणाली.

दोन फुटावर नाही. नऊ फुटावर तर नाहीच. टेप ताणलेली असताना तो जागचा हलत नसे; माप झाल्यावर चालत यायचा, टोक हातात घेऊन, तिच्या देखत. आणि त्याच्या हाताला ग्रीसचा वास यायचा. चिखलाचा नाही.

"मी कोपऱ्यावरून रिक्षा घेऊन येते," नेत्रा उठली. "तुम्ही आवरा तोवर. टेप तशीच पडलीय आत."

ती गल्लीतून चप्पल वाजवत गेली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत सुलू पायरीवरच बसून राहिली.

मग आत आली. गाळ्यात संध्याकाळचा पिवळट उजेड होता, मोरीपाशी थोडा अंधार. रीळ शटरजवळ पडलेलं. टेप तिथून आत जमिनीवर गेलेली. नेत्रानं दुसरं टोक सोडून दिलं होतं. आकडा मोरीपाशी फरशीवर दिसत होता.

सुलूनं रीळ उचललं आणि हँडल फिरवायला लागली. बघायचं नाही, असं ठरवून तिनं मान खाली घातली. टेप घासत आत येऊ लागली. कर्र, कर्र. रोजचाच आवाज.

मग घासल्याचा आवाज बंद झाला.

हँडल फिरत होतं, टेप आत येत होती, पण फरशीवरून नाही.

तिनं मान वर केली.

तिच्या हातापासून चार-पाच हातांवर टेप सरळ होती, ताणलेली, छातीच्या उंचीवर. तिथून पुढं ती एकदम खाली लोंबत होती, जमिनीपर्यंत.

त्या जागी कुणी नव्हतं. पिवळा उजेड, तिचं जेवणाचं स्टूल आणि लांबच्या भिंतीतला खिळा.

ओल्या चिखलाचा वास आला.

"महिपत?" ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती आयुष्यात पहिल्यांदाच घेत होती.

हिसका आला नाही. एकही नाही.

बाहेर कोपऱ्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. नेत्राची हाक आली, "काकी, झालं का?"

सुलूला उत्तर द्यायचं होतं. तिनं हँडलवरचा हात काढून घेतला होता, जागची हलली नव्हती, श्वासही रोखून धरला होता.

तरी तिच्या हातातली टेप हळूहळू सैल पडत चालली.